अंजनगावाहून शांबेरीला

30 डिसेंबर 1803 रोजी अंजनगाव सुर्जीला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. इंग्रजांशी लढणाऱ्या फ्रेंचांना शिंद्यांनी चाकरीत ठेवायचं नाही, असंही एक कलम त्यात होतं. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभारणारा सेनानी द बॉयन मात्र त्याआधीच भारत सोडून मायदेशी परतला होता. आल्प्सच्या कुशीतलं शांबेरी हे त्याचं गाव. तिथल्या भर चौकात 1838 सालचं त्याचं स्मारक आहे, चार हत्तींचं कारंजं. हत्तींना मागचा भागच नाही, त्यावरून गावकरी अजून थट्टा करतात!

आज फ्रान्समध्ये असलेल्या याच शांबेरीत विद्यापीठही आहे. आपल्या मुलामुलींना तिथे किंवा फ्रान्समध्ये कुठेही एखादं सत्र शिकायचं असेल, तर आधी कॉलेजात विचारा : तिकडच्या विद्यापीठाशी करार आहे का? करार असला की तिथले श्रेयांक इथे धरले जाण्याची सोय होते. पूर्ण सत्राचे साधारण 30 श्रेयांक. शिकवणं फ्रेंचमधून असेल तर बहुधा त्या भाषेची बी-2 पातळी मागतात, आणि ती दोन महिन्यांच्या घोकंपट्टीनं येत नाही. फ्रेंच सरकारच्या शार्पाक शिष्यवृत्तीची माहिती कॅम्पस फ्रान्स या संस्थेकडे मिळते. राहायला क्रूस या सरकारी संस्थेची वसतिगृहं स्वस्त पडतात. तिथल्या खोल्या लवकर भरतात, अर्ज वेळेत करा.