माळव्यातला चैत्र

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षातील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



वसंत ऋतू आणि व्याख्यान यांचे नाते आपल्या समाजात जुने आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तेव्हापासून मराठी माणूस जिथे जिथे जाऊन राहिला तिथे तिथे त्याने गणपती, हळदीकुंकू आणि व्याख्यानमाला या तीन गोष्टी बरोबर नेल्या. आपले पूर्वज इंदुरात आले तेही हे गाठोडे घेऊनच. शताब्दी साजरी करणाऱ्या या ग्रंथालयाने त्या गाठोड्याची एक गाठ आजवर सुटू दिली नाही, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करते.

मला दिलेला विषय ‘वसंत आणि मी’ असा आहे. ‘मी’ या शब्दाचे मला थोडे भय वाटते, म्हणून मी माझ्याविषयी कमी आणि माझ्या घरातील माणसांविषयी, त्यांनी दाखविलेल्या वाटांविषयी अधिक बोलणार आहे. ती माणसे आता नाहीत. परंतु आपणांपैकी प्रत्येकाच्या घरात तशी माणसे होऊन गेली आहेत, त्यामुळे ती आपल्याला परकी वाटणार नाहीत.

माळव्यात वाढलेल्या मराठी मुलाला वसंताची पहिली ओळख एका कोड्यातून होते. आमच्या वाड्यात समोरासमोर दोन बिऱ्हाडे होती. आमच्या भिंतीवर मराठी पंचांग, समोरच्या मालवी कुटुंबाच्या भिंतीवर हिंदी. होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून समोरच्या घरात चैत्र लागे. आमच्याकडे मात्र आणखी पंधरा दिवस फाल्गुनच चाले. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आमचा अमावास्येला, हे कळण्याचे ते वय नव्हते. रंगपंचमीला सारे शहर राजवाड्याकडे गेर पाहायला लोटे. त्या दिवशी समोरच्या घरी चैत्र वद्य पंचमी असे, आमच्या घरी फाल्गुन वद्य पंचमी. आणि अंगावरचा रंग मात्र एकाच पिचकारीतला असे.

गंमत पुढे आहे. नवे वर्ष दोन्ही घरांत एकाच दिवशी उगवे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला त्यांचा विक्रम संवत बदले आणि आमचा शालिवाहन शक. दोहोंत अंतर १३५ वर्षांचे. विक्रमाची उज्जयिनी इथून हाकेच्या अंतरावर, शालिवाहनाचे पैठण दूर गोदावरीकाठी. ज्या भारतीय ज्योतिषाच्या आधारावर आमचे मराठी पंचांग उभे आहे, त्याची मध्यरेषाही उज्जयिनीवरूनच जाते! माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, गुढी उभारून झाली की हमखास म्हणत, “गुढी पैठणची आणि काठी उज्जैनची.” लहानपणी हा विनोद वाटे. आज वाटते, परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाचे सारे चरित्रच त्या वाक्यात आहे.

चैत्र शुद्ध तृतीयेला आजी चैत्रगौर बसवीत असे. देवघरातल्या अन्नपूर्णेला छोट्या झोपाळ्यात बसवायचे आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत महिनाभर तिचे कौतुक करायचे. ती याच घराची लेक, माहेरपणाला आलेली. आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगड, हे सारे आपणांस सांगावे लागत नाही. सांगायचे आहे ते अंगणातल्या चैत्रांगणाविषयी. सूर्य, चंद्र, शंख, कमळ, गोपद्म, कासव, तुळशीवृंदावन, ही ठरलेली चिन्हे आजी काढीच. परंतु सर्वांत खाली ती दोन नागमोडी रेघा ओढी आणि त्यांत एक नाव काढी. ती नर्मदा. कोकणातून आणलेल्या रांगोळीत ही नदी कुठून आली, असे मी एकदा विचारले. आजी म्हणाली, “अगं, गौर माहेरी यायची तर वाटेत नर्मदा ओलांडावी लागते. नाव नको का तिला?”

त्याच तृतीयेला माळव्यात आणि निमाडात गणगौरीचा मुख्य दिवस असतो. टोपल्यांत गव्हाचे हिरवे जवारे उगवलेले असतात, रणुबाई आणि धणियर राजा यांची गाणी चाललेली असतात. समोरच्या घरातल्या बायका जवारे घेऊन आमच्याकडे येत आणि आजी त्यांच्या ओटीत हरभरे घाली. कुणी कुणाला देवीचा अर्थ समजावून सांगत नसे. दोघींच्या घरी गौर आली आहे, एवढे पुरेसे होते. पुढे मोठ्या सभांतून राष्ट्रीय एकात्मतेवरील पुष्कळ भाषणे ऐकली. त्या ओसरीवर जे पाहिले त्यापेक्षा अधिक काही त्यांतून कळले नाही.

आता प्रवासाविषयी. माझ्या वाचनातले पहिले मोठे प्रवासवर्णन याच ग्रंथालयातून घरी आले. ते होते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. घरच्या दारिद्र्यामुळे आणि कर्जामुळे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघालेला हा याज्ञिक ब्राह्मण महूजवळून जातो आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडतो. झाशीच्या वेढ्यात अडकतो, लुटला जातो, आणि अखेर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन घरी परततो. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. मिळवायला गेला होता धन. आणले पाणी आणि आठवणी. प्रवासातून माणूस काय घेऊन येतो, याचे याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही.

आमच्या घराचा असा एक प्रवास आहे. आजोबा होळकर सरकारच्या महसूल खात्यात कारकून म्हणून आले आणि पुन्हा कोकणात गेले नाहीत. नानांचा जन्म इंदूरचा. त्यांनी मूळ गाव कधी पाहिलेच नव्हते. गावच्या ग्रामदेवतेच्या पालखीचे वर्णन मात्र आजोबांच्या तोंडून इतके ऐकले होते की ती जणू आपणच खांद्यावर घेतली आहे, असे ते बोलत. निवृत्त झाल्यावर, १९७४ च्या मार्चमध्ये, होळी होताच ते मला म्हणाले, “चल, एकदा शिमगा बघून येऊ.” मी नुकतीच शिक्षिका म्हणून कामाला लागले होते. आठवड्याची रजा काढली आणि आम्ही निघालो.

इंदूरहून खंडव्यापर्यंत त्या वेळी मीटरगेजची गाडी होती. तुकोजीराव होळकर द्वितीय यांनी १८७० साली एक कोटी रुपयांचे कर्ज देऊन हा रेल्वेमार्ग घडवून आणला होता. महूच्या पुढे पाताळपाणीपासून गाडी विंध्याच्या उतरणीला लागली आणि दोन्ही बाजूंना पळस पेटलेला दिसू लागला. पान एक नाही आणि झाड मात्र केशरी. कालाकुंडला गाडी थांबली तेव्हा पळसाच्याच पानांच्या द्रोणात कलाकंद आला. एकाच झाडाचे फूल डोळ्यांसमोर आणि पान हातात. मग बडवाह, आणि नर्मदेचा पूल. सारा डबा उभा राहिला. नानांनी टोपी काढली आणि नाणे पाण्यात टाकले. तो जुना अखंड मार्ग आता उरलेला नाही. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्याच टप्प्यात २०१८ साली वारसा-गाडी सुरू झाली. हौशी प्रवासी त्या घाटाचे सौंदर्य पाहतात, याचा आनंदच आहे. पण आमच्यासाठी तो घाट म्हणजे माळव्यातून ‘देशा’कडे उतरण्याचा जिना होता.

मुंबईहून एस. टी.ने रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोहोचायला आणखी एक रात्र लागली. घर नव्हते. चिऱ्याचे जोते होते, त्यावर रानगवत, आणि एका कोपऱ्यात वृंदावनाचा खालचा भाग. नाना बराच वेळ त्या जोत्यावर बसून राहिले. आजोबांच्या गोष्टीतली पडवी कुठे आणि माजघर कुठे, याचा अंदाज ते बोटाने घेत होते. गावातली मुले आमच्याभोवती जमली आणि ओरडली, “इंदूरवाले आले!” इंदुरात आम्हांला सारे ‘दक्षिणी’ म्हणत, इथे आम्ही इंदूरवाले झालो. नानांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळलेले मी त्या एका क्षणी पाहिले.

संध्याकाळी ढोल वाजू लागले. पालखी घरोघर फिरत होती. आमचे घर नाही म्हणजे ती पुढे जाणार, असे धरून आम्ही शेजारच्या भाऊबंदांच्या अंगणात दर्शनासाठी उभे राहिलो. पण पालखी त्या मोकळ्या जोत्यासमोर आली आणि थांबली. खांद्यावरून खाली उतरली. गुरवाने आमच्या घराण्याचे नाव घेऊन गाऱ्हाणे घातले: जे मुलूख सोडून लांब गेले आहेत त्यांना आहेत तिथे सुखी ठेव. नाना अवाक् झाले. त्यांच्या हातात नारळसुद्धा नव्हता. शेजारच्या वृद्ध काकू लगबगीने पुढे आल्या आणि त्यांच्या हातात नारळ देत म्हणाल्या, “घ्या भावोजी. तुमच्या घरचा नारळ दर वर्षी आम्हीच ठेवतो. सासूबाईंनी सांगून ठेवलंय, मान चुकवायचा नाही.”

श्रोतेहो, ज्या घरात माणूस नाही, ज्या घराला भिंत नाही, त्या घरासमोर पालखी वर्षानुवर्षे थांबत होती. कुणी आले नाही तरी थांबत होती. आमच्या कुटुंबाने त्या काळात गावाला काय दिले होते? एक पत्रसुद्धा नाही. तरी आमची जागा कुणी पुसली नव्हती.

परतीच्या वाटेवर नाना फारसे बोलले नाहीत. नर्मदेचा पूल आला तेव्हा पहाट होती. त्यांनी मला हलवून जागे केले आणि म्हणाले, “ऊठ, घर आले.” मूळ गाव पाहून आलेल्या माणसाने नर्मदेला घर म्हणावे, यात विसंगती नाही. आपली जागा तिकडे राखलेली आहे, ही खात्री झाल्यावरच त्यांना इकडे निर्धास्तपणे रुजता आले, असे मला वाटते.

परभूमीत रुजणे म्हणजे काय, याचे मोठे उदाहरण इथून जवळच, देवासला आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ च्या एप्रिलात, म्हणजे ऐन वसंतात, जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने ग्रासल्यावर १९४८ साली कोरड्या हवेसाठी देवासला येऊन राहिले. गाणे बंद होते. गवयाच्या आयुष्यात याहून मोठा शिशिर कोणता? त्या सक्तीच्या मौनात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी दारावरून जाणाऱ्या मालवी लोकगीतांना कान दिला. पुढे प्रकृती सुधारली, आणि जे गाणे उगवले ते आधीचे राहिले नव्हते. त्यात माळव्याची माती आली होती. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’ आणि ‘गीत वसंत’ हे ऋतूंचे कार्यक्रम त्याच गळ्यातून आले. ज्यांचे आयुष्य मध्य भारतातल्या संस्थानांत गेले त्या भा. रा. तांब्यांची मराठी कविताही त्यांनी गाऊन दाखविली. मातृभाषा कानडी, शिक्षण मुंबईचे, घर माळव्याचे! १२ जानेवारी १९९२ रोजी ते देवासलाच निवर्तले. नवेपण म्हणजे जुने टाकून देणे नव्हे. थांबावे लागले असताना भोवतीचे ऐकत राहणे, हे त्यांनी आपल्याला शिकविले.

आता या वास्तूविषयी दोन शब्द बोलून आपली रजा घेते.

आपल्या घरांतील पुढची पिढी पुणे, बंगळूर, परदेश अशी पांगली आहे. नातवंडे मराठी समजतात, बोलतात अर्धी, वाचत नाहीत. कित्येक कुटुंबांची सभासदत्वाची नोंद एका वृद्ध व्यक्तीपुरती उरली आहे, आणि काहींची तीही नाही. “कोण वाचणार आहे ही पुस्तके?” हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत अनेकदा निघतो, असे ऐकते. प्रश्न खरा आहे. त्यावर मला एकच सांगावेसे वाटते. हे ग्रंथालय आपल्या सर्वांच्या मोकळ्या जोत्यांसमोर थांबणारी पालखी आहे. जो आला नाही त्याचाही मान इथे राखला जातो. आज कपाटातले पुस्तक कुणी मागत नसेल. पण ज्या दिवशी कुणी दुरून येऊन ते मागेल, त्या दिवशी त्याच्या हाती नारळ देणारे कुणीतरी इथे असले पाहिजे. ती काकू होण्याचे काम आपले आहे.

त्यासाठी शताब्दी वर्षात तीन गोष्टी कराव्यात, अशी नम्र सूचना करते. आपापल्या घरातली जुनी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, आजीच्या हातची चैत्रांगणे यांच्या प्रती ग्रंथालयास द्याव्यात. आपण इथे बोलतो ती हिंदी-मालवीने रंगलेली मराठी अशुद्ध म्हणून लपवू नये. तिचे शब्द टिपून ठेवावेत. आणि सुटीत आलेल्या नातवंडांना एका संध्याकाळी या दालनात हात धरून आणावे. वाचलेच पाहिजे, असा आग्रह नको. आपले नाव नोंदवहीत कुठल्या पानावर आहे, तेवढे त्यांनी पाहिले तरी पुरे.

आजच्या हळदीकुंकवासाठी बाहेर पन्हे तयार आहे, तेव्हा अधिक वेळ घेत नाही.  ग्रंथालयाला दुसऱ्या शतकासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.