गर्भारपणातील साखर आणि पुढची पिढी

(सोसायटीच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर गर्भारपणातील मधुमेहाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. मी डॉक्टर नव्हे, शिक्षक आहे. परंतु या विषयाचे वाचन करताना माझी अशी खात्री झाली की, हा जितका दवाखान्याचा विषय आहे तितकाच मुलींच्या शाळेचाही आहे. तो कसा, हे सांगण्याचा आज प्रयत्न करतो.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. आईच्या पोटात बाळाला वारेतून अन्न मिळते. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे जाते. परंतु आईचे इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाही. आईच्या रक्तात साखर वाढली की बाळाच्या रक्तातही ती वाढते आणि ती आवरण्यासाठी बाळाच्या कोवळ्या स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन तयार करावे लागते. इन्सुलिन हे वाढीचे व चरबी साठविण्याचे काम करणारे द्रव्य आहे. म्हणून असे बाळ पुष्कळदा वजनाने मोठे जन्मते. घरातील मंडळी 'चांगले गुटगुटीत झाले' म्हणून आनंद करतात. पण नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, बाळाचे इन्सुलिन मात्र चालूच राहते. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. डेन्मार्कमधील कोपनहेगनचे डॉ. पेडरसन यांनी १९५२ च्या सुमारास ही उपपत्ती मांडली. पुढे १९८० मध्ये अमेरिकेतील डॉ. फ्रिंकेल यांनी त्यापुढचा विचार मांडला : गर्भात मिळालेल्या या जादा खुराकाचा ठसा मुलाच्या शरीरावर जन्मानंतरही राहतो, कित्येकदा तो मोठेपणी प्रकट होतो.

हे कशावरून, असा प्रश्न कोणीही सुजाण श्रोता विचारील. आईला मधुमेह आणि मुलालाही मधुमेह, तर तो आनुवंशिक का नसावा? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात मिळाले. तेथे गिला नदीच्या काठी पिमा नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे. १९६५ पासून तेथे कुटुंबांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे : ज्या मातांना मधुमेह नव्हता त्यांच्या वीस ते चोवीस वर्षांच्या मुलांत शंभरी एक-दोघांनाच मधुमेह होता. ज्या मातांना तो बाळंतपणानंतर, पुढे केव्हातरी झाला, त्यांच्या मुलांत शंभरी सुमारे नऊ जणांना. आणि ज्या मातांना गर्भारपणातच मधुमेह होता, त्यांच्या मुलांत शंभरी सुमारे पंचेचाळीस जणांना! दुसऱ्या व तिसऱ्या गटातील माता मधुमेहाच्याच वारशाच्या. फरक एवढाच की, बाळ पोटात असताना साखर वाढलेली होती की नव्हती.

२००० साली याहूनही नेमका पुरावा पुढे आला. एकाच आईची मुले घेतली. काही तिला मधुमेह होण्यापूर्वी जन्मलेली, काही नंतर जन्मलेली. आई तीच, वडील तेच, घर तेच. तरीही नंतर जन्मलेल्या भावंडांत मधुमेहाचा धोका तिपटीहून अधिक आढळला व ती अधिक स्थूलही होती. वडिलांना मधुमेह झाला त्या कुटुंबांत मात्र आधीच्या व नंतरच्या भावंडांत असा फरक दिसला नाही. म्हणजे आनुवंशिकता आहेच, परंतु गर्भातील नऊ महिन्यांचा तिच्याहून वेगळा असा परिणाम आहे.

आपल्या देशाचे काय? म्हैसूर येथे १९९७-९८ मध्ये गर्भवती स्त्रियांची साखर तपासून त्यांच्या मुलांची वाढ पुढे अनेक वर्षे पाहिली गेली. मधुमेही मातांच्या मुलींत पाचव्या वर्षीच चरबी व इन्सुलिन अधिक आढळले. आपल्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत पाहणी केली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. परंतु आपल्या बालकांत स्नायू कमी, तर चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून स्थूल! तेव्हा 'आमची मुलगी सडपातळ आहे, तिला साखर कुठली?' या भरवशावर कोणी राहू नये.

आता यातील खरी चिंतेची गोष्ट. ज्या मुलीने आईच्या पोटात ही साखर सोसली, ती मोठी होऊन स्वतः गर्भवती होते तेव्हा तिलाही मधुमेह होण्याचा संभव वाढलेला असतो. मग तिच्या पोटातील बाळाचेही तेच. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे असे हे चक्र चालू राहते. हे चक्र तोडायचे कोठे, हाच आजचा प्रश्न आहे.

पहिली जागा म्हणजे तपासणी. हा मधुमेह बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता येतो, म्हणून तपासल्याखेरीज तो कळत नाही. शासनाच्या मार्गदर्शनानुसार गर्भवती स्त्री प्रथम दवाखान्यात येईल तेव्हाच एकदा, आणि त्या वेळी साखर आढळली नाही तर चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा तपासणी करावयाची असते. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून प्यायचे व दोन तासांनी रक्त द्यायचे. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर उपचार सुरू होतात. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते.

ही दुसरी तपासणी सहाव्या-सातव्या महिन्यात येते, म्हणजे नेमकी आपल्या घरी सतवाशाची तयारी चालू असते तेव्हा. नवे कपडे, फुले, मिठाई सर्व काही होते. सतवासा जरूर करावा. माझी एवढीच विनंती की, मिठाईचे ताट पुढे करण्यापूर्वी तपासणीचा कागद हाती असावा.

साखर निघाली तर घाबरू नये व सूनबाईला दोषही देऊ नये. गर्भारपणात वारेतून येणारी द्रव्ये इन्सुलिनचा जोर कमी करतात. ज्याचे स्वादुपिंड तेवढी भर काढू शकत नाही, त्याची साखर वाढते. हा कोणाचा अपराध नव्हे. बहुतेक स्त्रियांची साखर आहार व चालण्यानेच आटोक्यात येते. काहींना इन्सुलिन लागते. 'सुईने बाळाला अपाय होईल' ही भीती निराधार आहे. आताच सांगितल्याप्रमाणे आईचे इन्सुलिन बाळापर्यंत जात नाही, बाळापर्यंत जाते ती साखर. रमजानच्या रोजांबाबतही हट्ट नको. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुराणानेच दिली आहे आणि गर्भवतीलाही धर्मात सवलत आहे. डॉक्टरांना व जाणत्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासावी लागते. चाळीस दिवसांच्या गडबडीत, हरीरा आणि डिंकाच्या लाडवांत ही तपासणी हमखास राहून जाते. ज्या स्त्रीला गर्भारपणात मधुमेह झाला, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या मानाने सातपटीहून अधिक असतो. बाळाला अंगावर पाजणे हे दोघांच्याही हिताचे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उपचारांनी जन्मवेळचे धोके निश्चित कमी होतात. ऑस्ट्रेलियात एक हजार स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाने २००५ मध्ये ते दाखविले. परंतु त्याच मुलांना चार-पाच वर्षांनी पाहिले तेव्हा उपचार घेतलेल्या व न घेतलेल्या मातांच्या मुलांच्या स्थूलतेत फरक आढळला नाही. म्हणजे सातव्या महिन्यातील उपचार आवश्यक आहेत, पण तेवढ्याने चक्र तुटतेच असे म्हणता येत नाही. ते अधिक आधी तोडावयास हवे. गर्भारपणाच्या आधी, मुलगी शाळेत असतानाच.

आणि म्हणूनच मी आरंभी म्हटले की, हा विषय शाळेचा आहे. आपल्या घरांतून मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिचे खेळणे थांबते. मुलगा मैदानावर जातो, मुलगी खिडकीत बसते. तिच्या वाट्याला चहा, बिस्किटे आणि पाव येतो. डाळ, अंडे, भाजी आधी भावाला. मग अठरा-एकोणीस वर्षांची होताच लग्न. जिच्या देहावर पुढची पिढी घडणार, तिच्याच देहाची आपण सर्वांत कमी काळजी घेतो!

माझ्या सूचना साध्या आहेत. मुलींच्या खेळाचा तास वेळापत्रकात असतो, तो प्रत्यक्षात भरावा. पडदा पाळून खेळता येईल असे कुंपणाचे मैदान करणे सोसायटीला अशक्य नाही. वरच्या वर्गातील मुलींची उंची-वजन तपासणी दरवर्षी व्हावी. आणि पालकसभेला वडिलांबरोबर आई व नानी-दादींनाही बोलवावे, कारण घरातील ताटात काय पडेल हे त्याच ठरवितात.

आपल्या संस्थेने मुलींना अक्षरओळख दिली, पदव्या दिल्या. त्यांच्या आरोग्याची जबाबदारीही तिने उचलावी, एवढे मागून मी माझे भाषण पुरे करतो.