बोली कितीपासून?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात लिलावाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेलं काम असं होतं : "तू कॉम्प्युटरवाली, सरांच्या त्या कागदाची किंमत नेटवर बघून सांग." सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढली तरी वर्गमित्रांच्या लेखी आपण प्रिंटर दुरुस्त करणारे आणि भाव बघून देणारेच राहतो. असो.

कागद म्हणजे डिसेंबर १९९८ मधल्या वर्तमानपत्राचं कात्रण. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपण हॉकीचं सुवर्ण जिंकलं, त्याची बातमी. आपल्या खेळाच्या सरांनी ते जपून ठेवलं आणि काही वर्षांनी पुण्यात एका स्पर्धेच्या वेळी त्यावर धनराज पिल्ले यांची सही घेतली. वर सरांचं नाव, खाली सही. शाळेतल्या मुलामुलींना हॉकी स्टिक घेता याव्यात म्हणून हा कागद आज लिलावात ठेवा, असं सरांनी स्वतःच कळवलं.

मी शोधायला बसले. हॉकी, सही, किंमत असे शब्द टाकले की पडदा भरतो तो बर्फावरच्या हॉकीनं. तिथला मोठा खेळाडू वेन ग्रेट्झकी. त्याचं १९७९ चं एक छापील कार्ड २०२१ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हाच्या हिशेबानं सत्तावीस कोटी रुपये! त्यावर त्याची सहीसुद्धा नाही. कॅनडातली एक गोळ्या-च्युइंगमची कंपनी तशी कार्डं काढायची. मुलांनी ती खिशात कोंबली, चुरगाळली. कोरं करकरीत राहिलेलं सापडणं मुश्कील, म्हणून ही किंमत.

म्हणजे किंमत ठरते ती खेळावरून कमी आणि टंचाईवरून जास्त. शिवाय जमवणारे लोक लागतात, खरं-खोटं तपासणाऱ्या संस्था लागतात. खोट्या सह्या तर इतक्या, की अमेरिकेत एफबीआयला त्यासाठी मोठी मोहीम काढावी लागली होती. आपणही बबलगमसोबतची चित्रं जमवायचो, आठवतंय? सगळे क्रिकेटपटू. हॉकीवाल्याचं चित्र एकदा तरी निघालं का कुणाला? ज्या खेळाची चित्रं कुणी जमवली नाहीत, त्याच्या सहीला गिऱ्हाईक कुठून येणार?

आता सही कोणाची आहे ते सांगते, कारण आपली मुलं हे नाव ऐकून "कोण?" म्हणतात. माझ्या मुलीनं तेच विचारलं.

आपली एसटी नाशिक फाट्यावरून शिवाजीनगरला जाताना खडकी लागते. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वस्तीत हा मुलगा वाढला. वडील मैदानाची देखभाल करायचे. मोडलेल्या स्टिका बांधून भाऊ-भाऊ खेळायचे. पुढे मुंबईत मोठा भाऊ रमेश याच्याकडे गेला, महिंद्राकडून खेळला आणि १९८९ मध्ये भारताच्या संघात आला. तिथून २००४ च्या अथेन्सपर्यंत चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड. १९९४ च्या सिडनी विश्वचषकानंतर जागतिक संघ निवडला गेला, त्यात भारताचा हा एकटाच. तेव्हा आपण नववीत होतो. सरांनी ती बातमी फळ्यावर लिहिली होती आणि आपण मुलींनी आदल्याच दिवशी तोडलेली स्टिक दोरीनं आवळून पुन्हा हातात दिली होती. "खडकीत अशानंच खेळतात," म्हणाले होते. मला ते खोटं वाटलं होतं. खरं होतं.

बँकॉकला तो कर्णधार होता. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी, बरोबरी, मग पेनल्टी स्ट्रोक, आणि आशिष बल्लाळचं गोलरक्षण. एशियाडचं सुवर्ण बत्तीस वर्षांनी आलं. आणि थोड्याच दिवसांत कर्णधारासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळलं! या कात्रणातल्या फोटोत ही माणसं हसताहेत. पुढचं माहीत असलं की तो फोटो बघवत नाही. तो परत आला, सिडनी ऑलिंपिक खेळला. पोलंडविरुद्ध दोन मिनिटंही उरली नसताना गोल बसला, १-१ झालं आणि उपांत्य फेरी हुकली. ऑलिंपिकचं पदक त्याला कधीच मिळालं नाही. खेलरत्न मिळालं, पद्मश्री मिळाली. बाजाराला मात्र पदक लागतं.

अर्थात पदक असूनही काय होतं ते आपल्याला माहीत आहे. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी कुस्ती अकादमी होईना म्हणून २०१७ मध्ये त्यांच्या मुलानं ते लिलावात काढण्याचा इशारा दिला होता.

आणखी एक गोष्ट कळली, ती सरांना सांगायला जड जातंय. सहीवर एखाद्याचं नाव घातलेलं असलं की तिचा भाव उतरतो. नुसती सही कोणालाही विकता येते; "अमुक सरांना" म्हटलं की ती त्या सरांची होऊन जाते. सर, बाजाराच्या मते तुमच्या नावामुळे हा कागद स्वस्त झाला आहे. संयोजकांपैकी एकानं, नाव सांगत नाही, सुचवलंसुद्धा, की फ्रेम करताना वरचा भाग झाकता येईल. माझ्या कामात डिजिटल सही असते. कागदपत्रातलं एक अक्षर जरी बदललं तरी ती सही अवैध ठरते. मी त्याला तेवढंच सांगितलं. फ्रेममध्ये नाव दिसतंय, पुढे येऊन बघा.

तेव्हा बाजारभाव सोडला आणि दुसऱ्या टोकानं हिशेब केला. शाळेच्या मुलांना चालेल अशी स्टिक साधारण हजार रुपयांना येते. मैदानात अकरा जण लागतात. बोली अकरा हजारांपासून.

घेणाऱ्यानं कागद उन्हात टांगू नये. बॉलपेनची शाई उडते, वर्तमानपत्राचा कागद तर सावलीतही पिवळा पडतो. आणि सर कधी बघायला आले तर चहा द्यावा.

अकरा हजार. मागच्या रांगेत कोणाचा हात वर आहे? डोकं खाजवत असाल तर आत्ताच सांगा, नाहीतर मी बोली धरते.