पाण्याखालची वाट आणि वाटाड्याची मजुरी



वैशाखाच्या या उन्हात आपण एवढ्या संख्येने जमलात, आणि विषय ऐकून हसत हसत जमलात, हे मी दारातच पाहिले. कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेला मनुष्य समुद्रात बुडी मारण्याच्या करमणुकीवर बोलणार. आणि तेही यवतमाळात, जिथे मोठे पाणी म्हणजे निळोणा आणि चापडोह! परंतु चालकांनी मला 'प्रवास' हा विषय दिला, आणि माझी सवय अशी की, कोणत्याही गावी गेलो तरी देवळाच्या आधी तिथले काम करणारे हात पाहावेत. मालवणला गेलो तेव्हाही तेच झाले.

आपल्या जिल्ह्यातून आता दर हिवाळ्यात पुष्कळ मंडळी कोकणात जातात. सुमारे आठशे किलोमीटरांचा पल्ला आहे. पूर्वी लोक सिंधुदुर्ग किल्ला पाहून, मालवणी जेवण जेवून परत येत. आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. पाठीला हवेचे नळकांडे बांधायचे, तोंडात नळी धरायची आणि किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली जाऊन प्रवाळ आणि मासे पाहायचे. याला स्कूबा म्हणतात. आज सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किती घरांची चूल यावर पेटते, हे मालवण, तारकर्ली आणि देवबागच्या किनाऱ्यावर एक सकाळ उभे राहिले की कळते.

ज्या बेटाभोवती हे सारे चालते, ते कुरटे बेट. १६६४ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींनी त्यावर किल्ल्याचा पाया घातला. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. पायात शिसे ओतलेले. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हा चमत्कारच वाटतो. बेटाच्या पायथ्याशी खडक आहेत आणि त्या खडकांवर प्रवाळ वाढते. १९८७ साली या भागाला सागरी अभयारण्य ठरवण्यात आले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ते बारीक जीवांचे घर आहे, आणि त्या जीवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवालाने सूर्यप्रकाशावर अन्न करायचे, जीवाने त्याला आसरा द्यायचा, असा त्यांचा करार असतो. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले आणि तसेच राहिले की हा करार मोडतो. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते, आणि फार दिवस तसेच राहिले तर मरते. १९९८ साली हिंदी महासागरात असे फार मोठ्या प्रमाणावर घडले. म्हणजे पाहण्यासारखी जी वस्तू तळाशी आहे, ती नाजूक आहे. तिच्यावर पाय ठेवून फोटो काढणाऱ्याने हे ध्यानात धरावे. प्रवाळ तोडून पिशवीत घालणे हा तर वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आता ही बुडी मारण्याची विद्या कुठून आली, ते थोडक्यात सांगतो. कारण तिची मुळे करमणुकीत नाहीत, मजुरांच्या हाडांत आहेत.

पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की शरीरावर एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो, वीस मीटरांवर तिप्पट. अशा दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन वायू रक्तात आणि चरबीत विरघळतो. माणूस हळूहळू वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. एकदम वर आला तर, सोड्याची बाटली फोडल्यावर येतात तसे, त्याचे बुडबुडे शरीरात उठतात. सांधे धरतात, पाय लुळे पडतात, माणूस मरतोही.

जगाला हे कळले पुलांच्या पायांत. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी लाकडाच्या प्रचंड पेट्या उतरवल्या होत्या. आत दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवायचे, आणि मजुरांनी आत बसून चिखल उपसायचा. माणसे वर आली की वेदनेने वाकडी होत. काही दगावली. १८७२ साली या मजुरांनी संप केला आणि मजुरी वाढवून मागितली. त्याच रोगाने पुलाचा मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंगही अंथरुणाला खिळला, आणि पुढचे काम त्याच्या पत्नीने, एमिलीने, त्याच्या वतीने पाहिले. इतिहासात इंजिनियरचे नाव राहिले. चिखल उपसणाऱ्यांची नावे कोणाच्या तोंडी आहेत?

रोगाचे कारण नायट्रोजन, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली मांडले. पण वर यायचे कसे, याचे कोष्टक दिले जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी, १९०८ साली, ब्रिटिश आरमारासाठी. त्यांनी बोकडांवर प्रयोग केले. टप्प्याटप्प्याने वर यावे, प्रत्येक टप्प्यावर ठरावीक मिनिटे थांबावे, असा त्यांचा नियम. पुढे कोष्टके बदलली, पण पाया तोच राहिला.

या हॉल्डेनांचे नाव मी मुद्दाम घेतो. वणी भागातल्या खाणींशी ज्यांचा संबंध आहे, त्यांनी कान देऊन ऐकावे. हेच हॉल्डेन त्याआधी कोळशाच्या खाणींत उतरत होते. स्फोटानंतर खाणीत माणसे बहुतांशी भाजून मरत नाहीत, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने मरतात, हे त्यांनी १८९६ साली दाखवले. आणि वायूची सूचना आधी मिळावी म्हणून खाणीत लहान पक्षी न्यावा, असे सुचवले. खाणीतला पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी तो हाच. म्हणजे कोळसा काढणारा आणि समुद्रात उतरणारा, दोघांच्या जिवाची चिंता एकाच माणसाने वाहिली. मला यात मोठा अर्थ दिसतो. जिथे जिथे माणूस परक्या हवेवर पोटासाठी उतरतो, तिथे तिथे प्रश्न एकच असतो : वरच्याने त्याच्यासाठी काय व्यवस्था केली आहे?

पुढे १९४३ साली कुस्तो नावाचा फ्रेंच आरमारी अधिकारी आणि गान्यॉं नावाचा इंजिनियर यांनी अशी झडप तयार केली की, श्वास ओढला की लागेल तेवढीच हवा, पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने, तोंडात यावी. त्यामुळे पाणबुड्या वरच्या नळीपासून सुटा झाला. आपण मालवणला वापरतो ते यंत्र त्याच वंशातले.

गेल्या माघात मी स्वतः उतरलो. पन्नाशी उलटलेली असल्याने आधी प्रकृतीचा तक्ता भरून दिला, डॉक्टरांचा दाखला दाखवला. पाणी खोल नव्हते, सहा-सात मीटर असेल. माझ्या पाठीमागे एक पोरगा होता, माझ्या नळकांड्याला धरून. कान दुखले की मी हाताने खूण करायची, तो थांबायचा. पोपटी रंगाचे मासे तोंडापुढून गेले, काळे साळूसारखे काटे असलेला एक जीव खडकाच्या फटीत बसलेला दिसला. फार सुंदर दृश्य होते, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. जगात गरिबाने सुंदर वस्तू पाहू नये, असे मानणारा मी नाही. आमच्या जिनातल्या कामगारानेही एकदा हे पाहावे.

पण वर आल्यावर मी त्या पोराला विचारले, "आज कितवी खेप?" तो हसला; म्हणाला, "काका, मोजायची सोडली." बाप रापणीचा मच्छीमार. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. मासळी आटत चालली, यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांनी पारंपरिक मच्छीमारांशी झगडा वाढला, म्हणून पोरगा पर्यटकांच्या पाठीशी पाण्यात गेला. अभयारण्य झाले तेव्हा याच लोकांनी, आमचा समुद्र आमच्यापासून काढून घेऊ नका, म्हणून विरोध केला होता. आज त्यांचीच मुले त्या समुद्राचे वाटाडे झाली आहेत. हा बदल वाईट नाही. पुष्कळांना रीतसर शिक्षण मिळाले आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. पण हंगाम आठ महिन्यांचा. पावसाळ्यात समुद्र बंद, मजुरीही बंद. खेपेवर पैसे, आजारी पडला त्या दिवशी काही नाही. मी त्याला विचारले, "नेमणुकीचा कागद?" तो म्हणाला, "कागद पाण्यात भिजतो, काका."

मित्रहो, हा विनोद मी जिनात ऐकला आहे, वीटभट्टीवर ऐकला आहे, ऊसतोडीच्या कोप्यांवर ऐकला आहे. शब्द बदलतात, अर्थ तोच.

इथे नीट विचार केला पाहिजे, उगाच भीती घालण्याचे कारण नाही. सहा-सात मीटर पाण्यात बुडबुड्यांचा रोग सहसा होत नाही. पण उथळ पाण्यातही श्वास कोंडून वर आले तर आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून पहिला नियम, श्वास कधी कोंडू नये. आणि पर्यटक एकदा वरखाली करतो, वाटाड्या दिवसभर करतो. त्याच्या कानांवर आणि नाकामागच्या पोकळ्यांवर तो भार दररोज पडतो. आता काम अधिक खोल चालले आहे. नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीच्या खडकांजवळ तळाशी बसवून तिथे पाणबुड्यांसाठी नवे स्थळ करण्याचे काम सरकारने अंगावर घेतले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभरावर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया प्रवाळमंच आहे. त्याचा माथाच वीस मीटर पाण्याखाली. तिथे हॉल्डेनांच्या कोष्टकाशिवाय चालणार नाही. असा रोग झाल्यास माणसाला पुन्हा दाबाच्या कोठडीत ठेवावे लागते. तशी सोय मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे, आणि मालवणाहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर.

धोका नुसता पाण्याखालीच नसतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला बुडी मारून परतणाऱ्या वीस पर्यटकांची होडी उलटली आणि दोघे मरण पावले. राज्याचे साहसी पर्यटनाचे धोरण त्याच्या आदल्याच वर्षी, २०२१ साली, झाले होते. कागदावरचा नियम किनाऱ्यावर उतरायला कोणीतरी ओढून आणावा लागतो. खाणकामगाराला १९५२ च्या कायद्याने जमिनीखाली आठ तासांची मर्यादा मिळाली, ती कोणाच्या दयेने नव्हे. समुद्राखालच्या कामगाराच्या दिवसाच्या खेपा कोण ठरवणार?

म्हणून मी दोन गोष्टी सुचवतो. एक आपल्यासाठी. आपण तिथे जाल, तेव्हा भाव करण्याआधी प्रश्न करा. संस्था नोंदलेली आहे काय? माझ्याबरोबर उतरणाऱ्याने शिक्षणाचा दाखला घेतला आहे काय? नळकांड्याची दाबाची चाचणी केव्हा झाली? नळकांड्यात प्राणवायू असतो असा पुष्कळांचा समज आहे. त्यात साधी, गाळलेली हवाच असते. ती भरणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी इंजिनचा धूर गेला, तर हॉल्डेनांचा तोच खाणीतला विषारी वायू आपल्या छातीत येतो. होडीत प्रत्येकाला तरंगते जाकीट आहे काय? आणि बुडी मारल्यावर त्याच दिवशी विमानात बसू नका. निदान एक दिवस मध्ये जाऊ द्या. जिथे या प्रश्नांचा राग येतो, तिथे उतरू नका. शंभर-दोनशे रुपये कमी देऊन आपण जे वाचवतो, ते बहुधा कोणाच्या तरी विम्याचे असते.

दुसरी त्या पोरांसाठी. त्यांनी सहकारी संस्था करावी किंवा संघटना करावी. नावाचा आग्रह नाही. दिवसाच्या खेपांना मर्यादा, कान-फुप्फुसांची दरवर्षी तपासणी, विमा, आणि पावसाळ्यासाठी हंगामात बाजूला ठेवलेला निधी, एवढे चार मुद्दे पुरेत. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २०२१ पासून आहे; तेवढे तर आजच करता येईल. मी त्या पोराला पत्ता दिला आहे. त्याची दोन पत्रे आली, तिसऱ्यात अकरा जणांची नावे आली. अकरा ही लहान संख्या नव्हे. आमची जिनातली संघटना नऊ जणांनी सुरू झाली होती.

आणि शेवटी आपल्या घरचे. वर्धेत किंवा पैनगंगेत कोणी बुडाले की, आपण कोणाला बोलावतो? आपल्या भोयांना. ना नळकांडे, ना चष्मा. छातीतल्या श्वासावर तो गढूळ पाण्यात जातो, दुसऱ्याच्या मुलाचे प्रेत काढून आणतो, आणि पंचनाम्याच्या गर्दीत चहा पिऊन घरी जातो. मालवणच्या पोराला दाखला मिळाला, पोशाख मिळाला. आपल्या पाणबुड्याला काय मिळाले? जिल्हा प्रशासनाने या माणसांची यादी करावी, त्यांना साधने व शिक्षण द्यावे, प्रत्येक खेपेची ठरलेली मजुरी द्यावी आणि त्यांचा विमा उतरवावा. हा ठराव या सभेने करायला हरकत नाही. व्याख्यानमालेत ठराव करण्याची रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाहेर टेबलावर मी एक कोरा कागद ठेवला आहे. ज्यांना पटले असेल, त्यांनी जाताना सही करावी.