परराष्ट्रीय व्यापार व भांडवल : एका अभ्यासविषयाची ओळख
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



आज बोलावयास उभा राहण्यामागे एक खासगी कारण आहे, ते आधी सांगून टाकतो. गेल्या वर्षी आपल्या शिष्यवृत्ति-समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला होता. अर्थशास्त्रात पदवी घेतलेली ही मुलगी पुढे परराष्ट्रीय व्यापार आणि गुंतवणूक यांचा अभ्यास करू इच्छित होती. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी सहज विचारले, ‘‘यात पुढे नोकरी कसली?’’ अर्ज बाजूस ठेवण्यात आला. मी त्या सभेस हजर होतो. उभे आयुष्य हा विषय शिकविण्यात घालवूनही मी त्या वेळी गप्प बसलो. त्या प्रश्नाचे उत्तर आज, एक वर्ष उशिराने, देत आहे.

या शास्त्राचा पाया डेव्हिड रिकार्डो या इंग्रज गृहस्थाने 1817 साली घातला, असे म्हणावयास हरकत नाही. हा मनुष्य मूळचा शेअरबाजारातील दलाल. कॉलेजचे तोंड त्याने पाहिले नव्हते, हे आपल्या व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवावे! त्याने उदाहरण घेतले ते असे : ठराविक कापड विणण्यास इंग्लंडात 100 माणसांचे वर्षाचे श्रम लागतात, तर पोर्तुगालात 90, ठराविक मद्य करण्यास इंग्लंडात 120, तर पोर्तुगालात 80. दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस, मग त्याने इंग्लंडशी व्यापार का करावा? तर 80 माणसांच्या श्रमांचे मद्य देऊन त्यास 90 माणसांच्या श्रमांचे कापड मिळते, आणि इंग्लंडास 100 च्या बदल्यात 120 चे मद्य मिळते. दोघांचाही लाभ.

हिशेब बिनचूक आहे. परंतु देशाचा लाभ देशातील कोणाच्या पदरात पडतो, हे तो सांगत नाही. माझे मेहुणे निफाड तालुक्यात कांदा पिकवितात. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के कर बसला, 8 डिसेंबर रोजी निर्यात बंदच झाली, 4 मे 2024 रोजी ती टनास 550 डॉलर या किमान दराच्या अटीवर खुली झाली, आणि उरलेला कर 1 एप्रिल 2025 रोजी गेला. शहरातील गृहिणीस कांदा स्वस्त मिळावा हा हेतू वाईट कसा म्हणावा? माझी स्वतःची सूनही त्या गृहिणींपैकीच आहे. पण चाळीत कांदा ठेवून बसलेल्या मेहुण्यांनी मला विचारले, ‘‘भावजी, परदेशातले गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळले, की ते परत यावयास किती वर्षे लागतात?’’ या प्रश्नाचे मोजून-मापून उत्तर देणारा माणूस आपल्या ज्ञातीत असावा, असे मला त्या दिवशी प्रथम तीव्रतेने वाटले.

आता भांडवलाकडे वळू. कारण आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत दोनदा फार महाग शिकवणी घेतली आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. ती कोणाच्या पैशाने गेली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. भांडवल विलायतेतील भागधारकांचे होते, आणि त्यावर 5 टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीने दिली होती. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरावयाची! नफ्याची अशी शाश्वती असल्यावर काटकसर कोण करणार? त्यातून व्याज पौंडांत द्यावयाचे. 1870 नंतर चांदी उतरू लागली, आणि सुमारे दोन शिलिंगांचा रुपया वीसएक वर्षांत सव्वा शिलिंगावर आला. कर्ज तेच राहिले, परंतु ते फेडण्यास रुपये अधिक लागू लागले. या चलनप्रश्नाचा सखोल अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये केला आणि 1923 साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रुपयाचा परदेशी भाव स्थिर ठेवण्यापेक्षा देशातील त्याची क्रयशक्ती स्थिर ठेवणे महत्त्वाचे, हे त्यांचे प्रतिपादन आजही मुळातून वाचावे असे आहे.

दुसरी शिकवणी गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्पाची. 1993 साली एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या प्रकल्पाशी राज्य वीज मंडळाने करार केला. वीज घेतली वा न घेतली, तरी क्षमतेचा आकार द्यावयाचा. त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. वर राज्य सरकारची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे 31 रुपयांस होता, 2001 मध्ये तो 47 च्या घरात गेला. 1999 मध्ये सुरू झालेली ही वीज मंडळास परवडेना. 2001 मध्ये मंडळाने खरेदी थांबविली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मूळ कंपनीनेच दिवाळे काढले. विलायती भांडवल नकोच, असा याचा अर्थ मी काढीत नाही. पुण्याजवळच्या चाकणला परदेशी मोटार-कारखान्यांत आपलीच मुले कामाला आहेत. मुद्दा एवढाच, की विनिमयदर बदलला तर तोटा कोणी सोसावयाचा, हे करारातील एका कलमात लिहिलेले असते, आणि ते कलम सही होण्यापूर्वी वाचता आले पाहिजे. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील अभ्यासकांनी दाभोळचे आकडे तपासून धोक्याचा इशारा वेळीच दिला होता. ऐकणारे थोडे निघाले.

विद्यार्थिमित्रहो, या अभ्यासास गणित आणि संख्याशास्त्र चांगले हवे. ते टाळून भागणार नाही. त्याबरोबर हिशेबनीस विद्या आणि थोडा कायदाही हवा. रिझर्व्ह बँक देशाच्या परदेशी देण्याघेण्याचा ताळेबंद प्रसिद्ध करते. तो न घाबरता वाचता येऊ लागला, की निम्मे काम झाले. पुण्याची गोखले संस्था 1930 पासून, आणि दिल्लीची भारतीय विदेश व्यापार संस्था 1963 पासून या क्षेत्रात काम करीत आहेत. नोकरी कसली, असे विचारणाऱ्यांस सांगावयाचे, तर बँकांत, निर्यातगृहांत, शासनात आणि व्यापार-लवादांत अशी माणसे लागतात. पगार वैद्यकाइतका मिळेलच, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

त्या मुलीने अर्ज यंदा पुन्हा केला आहे, आणि तो पुढील महिन्याच्या सभेत येईल. माझ्याजवळची या विषयावरील सर्व पुस्तके मी संघाच्या वाचनालयास देत आहे. त्यांतील पहिली पेटी आज बरोबर आणली आहे. चिटणीसांनी ती कृपया उतरवून घ्यावी.