गुगलवर पहिला नंबर आणि आमची वही



श्रावणात प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर एक मुलगा आला. कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट हातात घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही गुगलवर दिसतच नाही. महिन्याला आठ हजार द्या, सहा महिन्यांत पहिला नंबर आणतो." या कामाला त्यानं नाव सांगितलं, एसईओ.

आम्ही दहाजणी बैठकीला बसलो. आधी एसईओ म्हणजे काय ते समजून घेतलं. कुणी गुगलवर काही शोधलं, की आपली वेबसाइट वर दिसावी म्हणून तिच्यातला मजकूर, नावं, फोटो, रचना नीट करायची, ते हे काम. फसवणूक नाही, खरंच काम आहे. पण पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतःच सांगतं. गुगलला पैसे देऊन साध्या यादीत वर जाता येत नाही. पैसे देऊन दिसते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. शिवाय फळ दिसायला चार महिने ते वर्षभर लागू शकतं.

आमच्यातल्या तरुण मुली म्हणाल्या, "सगळं जग ऑनलाइन चाललंय, आपणच मागे राहायचं का?" त्यांचंही खोटं नव्हतं. मग वही काढली.

सहा महिन्यांचे 48,000 रुपये. मिरची, मसाले, तेल, डंकावरची कुटाई, पाकीट आणि आमची मजुरी वजा जाता किलोमागे 100 रुपये उरतात. म्हणजे नुसते हे पैसे भरून निघायला 480 किलो जास्तीचा मसाला विकावा लागेल. आम्ही वर्षाला करतो 600 किलो, तोही उन्हाळ्यात. त्या दिवशी शिल्लक होता 200 किलो. आमच्यातल्या सर्वांत वयस्क काकू म्हणाल्या, "अगं, गिऱ्हाईक दारात आलं तर द्यायचं काय?" सगळ्या गप्प झाल्या.

दुसरीही गोष्ट होती. गटाची शिल्लक 62,000. त्यातून एकीला लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी 30,000 कर्ज हवं होतं. दोन्ही एकदम जमणार नव्हतं.

तरी घाई केली नाही. वहीतल्या चाळीस गिऱ्हाइकांना फोन करून विचारलं, आमचा पत्ता कसा लागला? 34 जणी ओळखीतून आलेल्या, सहाजणी प्रदर्शनातून. आम्ही गुगलवर नव्हतोच, तेव्हा तिथून कोण येणार, हेही खरं. म्हणून मोबाईलवर आम्हीच 'कांदा लसूण मसाला' शोधून पाहिलं. मोठ्या कंपन्या आणि ऑनलाइन दुकानांचीच रांग! त्या रांगेत पुढे सरकायला सहा महिने पुरले नसते.

पण आमच्याच ओळखीतल्या एका ताईंची गोष्ट वेगळी आहे. कास पठाराच्या रस्त्यावर त्या घरगुती जेवण देतात. फुलांच्या हंगामात पुण्या-मुंबईची माणसं येतात. त्यांची इथं ओळख कुणाशी? ती मोबाईललाच विचारतात, जवळ जेवण कुठं मिळेल? या ताईंनी गुगलच्या नकाशावर खानावळीची नोंद केली. त्याला पैसे पडत नाहीत. नाव, फोन, वेळा, चुलीवरच्या भाकरीचे फोटो टाकले, जेवून जाणाऱ्यांना दोन शब्द लिहायला सांगितलं. त्यांना शोधून येणारं गिऱ्हाईक मिळालं, कारण त्यांचं गिऱ्हाईक शोधतच येतं.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्याकडे असा कुणी आला तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. आपलं गिऱ्हाईक अनोळखी आहे का आणि ते मोबाईलवर शोधतं का? जास्तीची मागणी आली तर माल देता येईल का? आणि खर्च भरून निघायला किती किलो, किती ताटं विकावी लागतील? तिन्हींची उत्तरं जमली, तर खर्च जरूर करा. मात्र वेबसाइट आणि पासवर्ड गटाच्याच नावावर ठेवा, ओटीपी कुणाला सांगू नका.

आम्ही त्या मुलाला सध्या नको म्हणून कळवलं. लेकीची फी भरली. प्रत्येक पाकिटावर फोन नंबर ठळक छापला. येत्या उन्हाळ्यात 1,000 किलोचा बेत आहे. तो जमला, की वही पुन्हा उघडू आणि हाच प्रश्न पुन्हा विचारू.