खुर्चीमागची माणसे



ज्यांचे बालपण या शाळेच्या लाकडी बाकांवर गेले, त्यांच्यापैकी अनेकांचा आज दिवसाचा मोठा भाग चाके असलेल्या, मागे रेलणाऱ्या, जाळीदार पाठीच्या खुर्चीत जातो. बाकावर बसून पाठ दुखली तरी तक्रार करण्याची तेव्हा सोय नव्हती. आता खुर्चीला किती कळा आहेत हे पाहूनच माणूस नोकरीची पत ठरवतो. ही खुर्ची कोणी घडवली, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच, तर उत्तरादाखल एखाद्या रचनाकाराचे नाव सांगितले जाते. पण खुर्ची एकट्या रचनाकाराची नसते. तिच्यामागे एक कारखाना असतो, आणि कारखान्यामागे निर्णय घेणारी माणसे असतात. ती कशी माणसे होती, हे अमेरिकेतील एका कंपनीच्या उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे. त्या कंपनीचे नाव हर्मन मिलर.

मिशिगन राज्यात झीलंड नावाचे एक लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हॉलंडमधून आलेल्या धर्मनिष्ठ, काटकसरी लोकांनी ते वसवले. तेथे १९०५ मध्ये लाकडी सामानाचा एक कारखाना निघाला. १९०९ साली डी. जे. डी प्री नावाचा अठरा वर्षांचा मुलगा तेथे कारकून म्हणून चिकटला आणि दहा वर्षांत त्या कारखान्याचा अध्यक्ष झाला. १९२३ मध्ये त्याने सासऱ्यांच्या साहाय्याने कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले आणि तिला सासऱ्यांचेच नाव दिले. हर्मन मिलर हे ते सासरे. त्यांनी कारखाना कधी चालवला नाही. पण गावात त्यांच्या सचोटीला किंमत होती आणि जावयाला तीच पाटीवर हवी होती. संस्थापक म्हणून स्वतःचे नाव कोरून घेण्याची हौस आपल्याकडे इतकी मोठी आहे, की या गोष्टीपाशी क्षणभर थांबावेसे वाटते.

तेव्हा हा कारखाना जुन्या राजेशाही शैलींच्या नकला करी. नव्या लाकडाला मुद्दाम जुनेपणाचे डाग द्यायचे, वर कोरीव नक्षी चढवायची आणि शयनगृहाचे संच म्हणून विकायचे, हाच धंदा. कामगारांकडे पाहण्याची दृष्टीही त्या काळच्या मालकांचीच: हात विकत घेतलेले आहेत, बाकीचा माणूस घरी.

या दृष्टीला तडा गेला तो १९२७ मध्ये. कारखान्यातील यंत्रमिस्त्री वारला. त्या दिवसांत सारी यंत्रे एका वाफेच्या इंजिनावर, चामड्याच्या पट्ट्यांनी फिरत. ते इंजिन आणि त्या पट्ट्या चालू ठेवणे हे या मिस्त्रीचे काम. तो गेला की कारखाना थांबलाच म्हणायचा. रीतीप्रमाणे डी प्री समाचाराला गेले. अशा वेळी काय बोलावे हे कोणत्याही मालकाला सुचत नाही. मिस्त्रीच्या पत्नीने एक वही आणली आणि त्यातल्या काही कविता वाचून दाखवल्या. डी प्रींनी विचारले, या कोणाच्या? ती म्हणाली, त्यांच्याच.

डी प्री घरी परतले ते एक प्रश्न घेऊन. हा माणूस कविता करणारा मिस्त्री होता, की मिस्त्रीकाम करणारा कवी? हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोबत बाळगला, मुलांना सांगितला, आणि धाकटा मुलगा मॅक्स याने पुढे नेतृत्वावरच्या आपल्या पुस्तकात तो जगाला सांगितला. शिक्षकांना हा प्रश्न नवा वाटू नये. हजेरीपटावर चाळीस नावे असतात. त्यांतल्या किती जणांच्या दप्तरात वेगळी वही आहे हे वर्षअखेरपर्यंत कळत नाही, आणि कधी कधी कळतच नाही.

प्रश्न पडला म्हणून धंदा सुधारला असे मात्र नाही. १९३० च्या मंदीने कारखाना बुडण्याच्या बेताला आला. त्या उन्हाळ्यात गिल्बर्ट रोडी नावाचा न्यूयॉर्कचा एक रचनाकार ग्रँड रॅपिड्सच्या विक्रीदालनात आला. त्याने डी प्रींना तोंडावर सांगितले, की त्यांचे सामान ही एक लबाडी आहे. नव्याला जुने भासवणे म्हणजे खोटे बोलणे. घरे लहान होत आहेत, आणि खोलीत महत्त्वाचे असते ते माणूस, कपाट नव्हे. दुसरा कोणी मालक असता तर त्याने रोडीला जिना दाखवला असता. डी प्री श्रद्धाळू ख्रिस्ती गृहस्थ. ‘खोटे’ हा शब्द त्यांना बोचला. रोडीला आगाऊ मोबदला देण्याइतके पैसे नव्हते, म्हणून विक्रीवर टक्केवारी ठरली. काही वर्षांत नकली राजेशाही सामान कायमचे बंद झाले.

१९४४ मध्ये रोडी वारला. त्याच्या जागी जॉर्ज नेल्सन आला, ज्याने तोवर फर्निचर जवळजवळ केलेच नव्हते. नेल्सनची गोष्ट मोठी आहे, पण तिच्यातला एकच प्रसंग येथे पुरे. कंपनी लहान, बाजार लहान, आणि रचनेचे सारे काम एकट्या नेल्सनच्या हाती; मिळकत त्या कामावरच. तरीही त्याने चार्ल्स ईम्सला घेण्याचा आग्रह धरला. डी प्रींनी त्याला विचारले, की ही एवढीशी संधी दुसऱ्याशी वाटून घेण्याची खरोखरच इच्छा आहे का? नेल्सनचे उत्तर असे, की ईम्स वेगळ्या जातीचा गुणी माणूस आहे आणि कंपनीला दोघांचीही गरज आहे. कोणत्याही शाळेच्या शिक्षक-खोलीत, कचेरीत वा गायनक्लासात दोन तुल्यबळ माणसे एकमेकांशेजारी कशी वागतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे उत्तर किती दुर्मीळ ते ठाऊक असेल.

चार्ल्सबरोबर त्याची पत्नी रे हीदेखील आली. दोघांचे काम एकच होते, पण त्या काळी नाव बहुधा एकट्या चार्ल्सचे छापले जाई. काचतंतूच्या साच्यात घडवलेली १९५० ची खुर्ची आणि १९५६ ची लाकूड-चामड्याची आरामखुर्ची या दोघांच्या. भारताशी नाते जुळले ते याच दांपत्यामुळे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते आले, देशभर हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत सुंदर ठरवला तो आपला रोजचा लोटा. तो डोक्यावर वा कमरेवर कसा तोलला जातो, पाणी ओतताना हात कसा वळतो, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा बदलतो, असा त्यांनी त्याचा विचार केला. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पितळी लोटे मोडीत काढून प्लॅस्टिकचे मग आणणाऱ्या आपल्या घरांनी तो अहवाल वाचला नाही, ही गोष्ट निराळी.

आता कारखान्याच्या आतली कथा. १९५० मध्ये डी प्रींनी मिशिगन स्टेटचे मानसशास्त्रज्ञ कार्ल फ्रॉस्ट यांच्या सल्ल्याने ‘स्कॅनलन योजना’ स्वीकारली. ही योजना ज्याच्या नावाची, तो जोसेफ स्कॅनलन पोलाद कारखान्यातल्या कामगार संघटनेचा पुढारी होता. योजनेचा गाभा सोपा आहे. काम कसे सुधारावे हे काम करणाऱ्याला सर्वांत आधी कळते. त्याने सुचवावे, वरच्यांनी ऐकावे, आणि त्यातून जी बचत होईल तिचा वाटा सर्वांना मिळावा. ऐकायला गोड, पाळायला अवघड. कारण एकदा कामगाराला हिशेब दाखवला, की तो पुढच्या महिन्यातही मागतो. सूचना पेटी लावणे आणि सूचनेला उत्तर देणे यांतले अंतर सगळ्याच संस्थांना परिचित आहे. या कारखान्यात उत्तर देण्याचे बंधन वरच्यांवर होते, हेच त्या योजनेचे बळ.

डी. जें.नंतर थोरला मुलगा ह्यू आणि १९८० मध्ये मॅक्स यांच्याकडे सूत्रे आली. कंपनी भागबाजारात आली, कामगार भागधारक झाले. दोघा भावांनी ठरवले, की पुढच्या पिढीतल्या डी प्रींना कंपनीत नोकरी नाही. मुलासाठी गादी राखून ठेवण्याची सवय ज्या देशात दुकानापासून पक्षापर्यंत सर्वत्र आहे, त्या देशातल्या वाचकाला हे जरा खोटेच वाटेल. पण मॅक्सनंतर आलेले रिचर्ड रूच हे खरोखरच घराबाहेरचे होते. मॅक्सच्याच काळात असेही ठरले, की मुख्याधिकाऱ्याचा पगार कारखान्यातील सरासरी पगाराच्या वीसपटीहून अधिक असू नये. १९८६ मध्ये आणखी एक तरतूद झाली. कोणी बळजबरीने कंपनी ताब्यात घेतली आणि माणसांना काढले, तर नुकसानभरपाई केवळ बड्या अधिकाऱ्यांना नव्हे, दोन वर्षे काम केलेल्या प्रत्येकाला मिळेल.

हे सारे कायम टिकले असे सांगितले तर ती स्तुती होईल, इतिहास नव्हे. वीसपटीची मर्यादा १९९० च्या दशकात उठली. बाहेरचे अधिकारी त्या पगारात मिळेनात, हे त्यामागचे कारण. २०२१ मध्ये कंपनीने नोल ही जुनी प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि ‘मिलरनोल’ हे नाव धारण केले. २०२३ मध्ये बोनस मिळेल की नाही या काळजीने विचारणाऱ्या कर्मचाऱ्यांना मुख्याधिकारी अँडी ओवेन यांनी एका दूरदृश्य सभेत जरबेने सुनावले, की स्वतःची कीव करत बसू नका. ती चित्रफीत जगभर फिरली आणि त्यांना माफी मागावी लागली. ज्या कंपनीत मालक कामगाराच्या विधवेसमोर बसून कविता ऐकत होता, तीच ही कंपनी. मधे शंभर वर्षेसुद्धा गेलेली नव्हती.

चुका जुन्या पिढीनेही केल्या. संशोधनप्रमुख रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये कचेरीसाठी हलत्या पडद्यांची रचना बाजारात आणली. माणसाला थोडा आडोसा मिळावा, उभे राहून वा बसून काम करता यावे, पडदे रुंद कोनात उघडावेत, ही कल्पना. ग्राहक कंपन्यांनी तेच पडदे काटकोनात जोडून कमीत कमी जागेत जास्तीत जास्त माणसे कोंबली, आणि त्यातून आजच्या कचेऱ्यांतले खुराडे जन्मले. नेल्सनने १९७० मध्येच कंपनीच्या एका उपाध्यक्षाला पत्र लिहून इशारा दिला होता, की ही रचना माणसाला माणूसपणातून उठवणारी आहे. पत्र पोहोचले, विक्री वाढत राहिली. प्रॉप्स्ट यांनीही अखेरीस आपल्या कल्पनेचे काय झाले याबद्दल खेद व्यक्त केला. कामगाराची सूचना ऐकणाऱ्या कंपनीने आपल्याच रचनाकाराची सूचना ऐकली नाही. नफा देणाऱ्या वस्तूविरुद्धची सूचना ऐकणे सर्वांत कठीण असते.

कठीण, पण अशक्य नव्हे. १९९० मध्ये बिल फोली नावाच्या संशोधन-व्यवस्थापकाच्या लक्षात आले, की ईम्स आरामखुर्चीला लागणारे रोजवुड, म्हणजे आपल्या शिसवाच्याच कुळातले लाकूड, उष्ण प्रदेशातल्या नष्ट होत चाललेल्या जंगलांतून येते. ते थांबवावे असे त्याने सुचवले. मुख्याधिकारी रूच यांची पहिली प्रतिक्रिया अशी, की मग ती खुर्चीच संपली. ती कंपनीची मानाची खुर्ची, आणि तिचे सौंदर्य त्या काळपट तांबूस रेषांत. तरीही हाती असलेला साठा संपल्यावर रोजवुड आणि महोगनी बंद झाली. अक्रोडाच्या आणि चेरीच्या लाकडात खुर्ची निघू लागली, आणि ती संपली नाही.

राहता राहिली ती जाळीची खुर्ची, जिच्यावरून हे सगळे सुरू झाले. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक हे रचनाकार १९८० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीसाठी वृद्धांच्या बसण्याचा अभ्यास करीत होते. तासन्‌तास बसून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फोमच्या गाद्यांमुळे उष्णता साठून शय्याव्रण होत. त्यांना खुर्चीत बसणे अवघड, उठणे त्याहून अवघड. या काल्पनिक वृद्धेला त्यांनी ‘सारा’ असे नाव दिले आणि तिच्यासाठी ताणलेल्या कापडाच्या आधारावर पातळ गादी असलेली खुर्ची तयार केली. व्यवस्थापनाने ती बाजारात आणली नाही. वृद्धांसाठी खुर्ची विकायची कशी आणि कोणाला, हे कोणाला कळेना.

पुढे कचेरीसाठी नवी खुर्ची हवी झाली, तेव्हा दोघांनी साराच्या खुर्चीतली कल्पना उचलली आणि गादी पूर्णच काढून टाकली. उरली ती केवळ जाळी. १९९४ मध्ये ‘एरॉन’ या नावाने ती आली. बुटक्या, मध्यम आणि थोराड माणसांसाठी तीन मापे होती. साहेबाला मोठी आणि कारकुनाला लहान असा भेद नव्हता. पाहणाऱ्यांना ती प्रथम कुरूप वाटली, बसणाऱ्यांना आवडली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने ती संग्रही घेतली, संगणक-कंपन्यांनी शेकड्यांनी घेतली, आणि २००० नंतर त्यांतल्या कित्येक कंपन्या बुडाल्या तेव्हा त्याच खुर्च्या लिलावात निघाल्या. आज बंगळूर-पुण्याच्या कचेऱ्यांत दिसणाऱ्या असंख्य जाळीदार खुर्च्या तिच्या वंशातल्या.

सारासाठी केलेली खुर्ची मात्र विक्रीला कधीच आली नाही.